अस्तर बाहेर

सदाशिव पेठेत माझं वेशभूषा भाड्याने द्यायचं दुकान आहे. दोन खोल्या, वर एक माळा आणि माळ्यावर चढायला एक लोखंडी शिडी, जिच्यावर माझ्याशिवाय दुसऱ्या कुणी चढलेलं मला चालत नाही. डिसेंबर-जानेवारीत शाळांची स्नेहसंमेलनं असतात. तेव्हा पुढच्या खोलीत मावळे, मागच्या खोलीत भाज्या आणि माळ्यावर पशुपक्षी अशी व्यवस्था असते. भाज्या आणि मावळे एका गाठोड्यात बांधायचे नाहीत, हे मी पहिल्याच वर्षी शिकले. एका शाळेत गड सर करायला तीन वांगी गेली होती.

फुलपाखरं मात्र दाराजवळच्या खुंटीला असतात, कारण ती सगळ्यात जास्त खपतात. पिवळे पंख, त्यावर गुलाबी ठिपके, कडेला चंदेरी लेस आणि डोक्यावर दोन स्प्रिंगा. असं फुलपाखरू जगात कुठेही नाही हे मला वीस वर्षं ठाऊक नव्हतं. गिऱ्हाइकांनाही ठाऊक नव्हतं, त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही. फुलपाखरांना इतके रंग कशाला, असं कुणी मला तेव्हा विचारलं असतं तर मी धंद्याचं उत्तर दिलं असतं. बाविसाव्या रांगेत बसलेल्या आईला आपलं कार्टं ओळखू यावं म्हणून.

हे उत्तर अर्धं बरोबर निघालं, पण ते पुढे.

दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात एक मुलगी स्कूटर लावून दुकानात आली. मला मुलगीच वाटली. ती एका शाळेत विज्ञानाची बाई होती, पहिलीच नोकरी. तिने खुंटीवरचे पंख हातात घेतले, उलटसुलट पाहिले.

"काकू, हे कोणतं फुलपाखरू?"

"भाड्याचं."

"नाही, म्हणजे खरं कोणतं?"

"खऱ्याला इलॅस्टिक नसतं."

तिने पंख परत खुंटीला लावले. मग पर्समधून एक डबी काढून माझ्या काउंटरवर ठेवली आणि झाकण उघडलं. आत कढीपत्त्याची डहाळी आणि तिच्यावर कावळ्याची शीट.

"हे बाहेर उचला," मी म्हणाले. "इथं शालू ठेवलेत."

"अळी आहे ती. मंडईतून कढीपत्ता आणला, त्यात आली. पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून अशी दिसते." तिने डहाळीला टिचकी मारली. शीट हलली. एवढंच नाही, तिने डोकं वर केलं आणि दोन नारिंगी शिंगं बाहेर काढली.

मी आयुष्यात पुष्कळ वेशभूषा पाहिल्या आहेत. विष्ठेची पहिल्यांदाच पाहिली. शिवण उत्तम होती.

तर बाईंना शाळेच्या संमेलनात बारा मिनिटं मिळाली होती. मुख्याध्यापिकांनी ती नाखुशीनेच दिली होती, कारण तिथे दर वर्षी दुसरीचं कोळीनृत्य व्हायचं, आणि या वर्षी त्याच्याआधी हे विज्ञान घुसत होतं. नाटकुल्याचा विषय, फुलपाखरांना रंग कशाला. पात्रं आठ. सात फुलपाखरं आणि एक पक्षी.

"सगळी वेगळी हवीत," बाई म्हणाली. "पहिली तीन कडू. म्हणजे रुईवर वाढलेली. अळी असताना रुईची पानं खातात, त्यातलं विष त्यांच्या अंगात राहतं. पक्ष्याने एकदा खाल्लं की तो ओकतो. पण पुढच्या वेळी त्याच्या लक्षात राहायला काही खूण हवी ना. म्हणून भगवा रंग, काळी कड, पांढरे ठिपके. लांबून दिसला पाहिजे."

"म्हणजे पाटी," मी म्हणाले. "आमच्या गल्लीत एकाने लावली आहे. 'कुत्रा आहे. चावतो. खात्री करून पाहू नये.'"

"अगदी तेच. दुसरी तीन जी आहेत, ती मुळीच कडू नाहीत. पण हुबेहूब त्याच रंगाची दिसतात. पक्षी फसतो."

"आमच्या त्या पाटीवाल्याकडेही कुत्रा नाही. मांजर आहे, तेही पलंगाखाली असतं."

बाईने वही काढून हे लिहून घेतलं. मग म्हणाली, "गंमत म्हणजे त्या जातीत सोंग फक्त मादी घेते. नर वेगळा, काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा. एक विचार असा आहे, की नराने रंग बदलला तर मादी त्याला ओळखणार नाही, म्हणून तो तसाच राहतो."

"म्हणजे तो ओळखू यावा म्हणून त्याने आहे तस्सं राहायचं, आणि जीव वाचवायची सगळी खटपट तिने."

"काकू, हे नाटकात नाही घालता येणार."

"नका घालू. पालकांतल्या बायकांना माहीत आहे."

सातवं फुलपाखरू हे नाटकाचं मुख्य पात्र. ते पंख मिटून बसलं की वाळकं पान. देठ, शिरा, बुरशीचे डाग, सगळं. पण पंख उघडले की आतून झगझगीत निळं, मधून नारिंगी पट्टा.

"आत कशाला निळं?" मी विचारलं. "तिथं कोण बघतंय?"

"पक्षी अगदी जवळ आला की एकदम उघडायचे. तो दचकतो, तेवढ्यात उडून जायचं."

मला हे पटलं. आम्हा बायकांकडे पंख नसले तरी हा उपाय असतो. मी मापं घ्यायला मुलांना शनिवारी आणायला सांगितलं.

माझे पंख कसब्यातले एक भाई करतात. भाईंच्या घरी तीन पिढ्या तारकाम चालतं. आजोबा पोपटांचे पिंजरे करायचे, वडील उंदरांचे करायचे, भाई उंदरांचे पिंजरे आणि माझी फुलपाखरं करतात. तार भाई वाकवतात, कापड भाभी मशिनवर चढवतात. त्यांच्या कामात तारेचं टोक कधी बाहेर दिसणार नाही. "पोराला टोचलं तर पिंजरा आणि पंख यांत फरक काय राहिला, ताई," असं ते म्हणतात. माझ्याकडे पंधरा वर्षांपूर्वीचे त्यांचे पंख अजून चालतात. मधल्या काळात ते घालणाऱ्या दोन मुलींची लग्नं झाली.

मी भाईंकडे दोन कापडं घेऊन गेले. एक मातकट सॅटिन, दुसरं धूपछाव निळं, जे एका बाजूने निळं आणि दुसऱ्या बाजूने जांभळं चमकतं. बाईने सांगितलं होतं की फुलपाखरांचा निळा बहुतेक वेळा रंग नसतोच. पंखावर बारीक खवले असतात, त्यांच्यावर उजेड पडून तो दिसतो. मी हे भाईंना सांगितलं. भाईंनी कापड उजेडात धरलं.

"म्हणजे धूपछावच की. मग त्यात नवीन काय?"

"नवीन काही नाही. एका बाजूने हे, दुसऱ्या बाजूने हे. जुन्या मापाचंच. अंगरख्यासारखं, हातात घालून पुढे मिटता आलं पाहिजे."

खरं फुलपाखरू पंख पाठीवर मिटतं. माणसाचे हात पाठीवर तितकेसे जात नाहीत, म्हणून आम्ही ते छातीवर मिटतो. एवढी सूट निसर्गाने आम्हाला द्यावी.

भाईंनी मातकट कापड चिमटीत धरून पाहिलं. "हे बरं आहे. मळखाऊ आहे."

इथे मी थांबून एक प्रश्न विचारायला हवा होता. पण घरी नळवाला यायचा होता, आणि नळवाला हा पुण्यात धूमकेतूसारखा येतो. मी हो म्हणाले आणि निघाले.

शनिवारी आठ मुलं दुकानात आली, दुसरीतली. सात मुलांनी दुकान डोक्यावर घेतलं. आठवी, जी पान होणार होती, ती मावळ्यांच्या रांगेत जाऊन उभी राहिली आणि मला पाच मिनिटं सापडली नाही. बाईने हिला उगाच निवडलं नव्हतं. तिने वर्गात घड्याळ लावून परीक्षा घेतली होती. बाकीची मुलं वीस सेकंदांत हलली. ही नऊ मिनिटं बसली, आणि तेही मधली सुट्टी झाली म्हणून उठली.

मी तिची मापं घेत होते, तेवढ्यात तिची आई आली. आमच्याच पेठेत तिचा दातांचा दवाखाना आहे. तिने मुलीच्या खांद्यावर टाचलेला मातकट तुकडा पाहिला.

"हे काय आहे?"

"पान," मी म्हणाले.

"ती फुलपाखरू आहे ना?"

"फुलपाखरूच आहे. पानासारखं."

"अहो, बाकीच्या सगळ्या मुली भगव्या आणि आमचीलाच पोत्याचं कापड?"

"सॅटिन आहे. पोतं वेगळं असतं. हवं तर तेही दाखवते."

"मला सांगा, स्टेजवर ही दिसणार कशी?"

"दिसणार नाही," मुलगी म्हणाली. तोवर तिने तोंड उघडलं नव्हतं. "तेच तर आहे."

आईने तिच्याकडे लक्ष दिलं नाही. ती मला सांगू लागली की गेल्या वर्षी ही स्ट्रॉबेरी झाली होती, मधोमध उभी होती, काय गोड दिसत होती, फक्त ऐन वेळी खाली बसली आणि टोपी तोंडावर ओढून घेतली. "माझ्याकडे व्हिडिओ आहे. बघा ना. आमच्या सगळ्या ग्रुपवर लोक अजून मागतात."

मी पाहिला नाही. ती स्ट्रॉबेरी माझ्याच दुकानातली होती. टोपीचा हिरवा देठ चावून चोथा झालेला परत आला होता, आणि मी शाळेला तसं लेखी कळवलंही होतं. आता कळलं की ते दात कुणाचे.

"कुणी बघितलेलं मला नको आहे," मुलगी म्हणाली.

"असं नाही म्हणायचं, बाळा."

"पण पानाला नाही बघत ना कुणी. बाईंनी सांगितलंय."

आईने पर्स खांद्यावर सरळ केली. "हे पाहा, रंगीत काहीतरी असेल तर ती भाग घेईल. नाहीतर मी बाईंना तशी चिठ्ठी देते."

मुलगी माझ्याकडे बघू लागली. मी मुलांच्या बाबतीत हळवी वगैरे नाही. माझी स्वतःचीच दोन आहेत, तेवढी पुरली. पण समोर एक माणूस असं होतं, ज्याला आयुष्यात पहिल्यांदाच मनासारखं काम मिळालं होतं, आणि ते सॅटिनच्या रंगापायी जाणार होतं. शिवाय चिठ्ठी आली असती तर नाटकातलं मुख्य पात्रच गेलं असतं आणि शिवायला टाकलेले पंख माझ्या गळ्यात पडले असते. मी धूपछाव कापडाचा तुकडा काढून काउंटरवर पसरला.

"आतून हे असणार आहे."

आईचा आवाज एकदम खाली आला. "हे छान आहे."

"शेवटी बाई घंटी वाजवतील. तेव्हा ती एकदा पंख उघडणार."

"किती वेळ?"

"पाच आकडे होईपर्यंत," मी म्हणाले.

"दोन," मुलगी म्हणाली.

मंडईत मेथीच्या जुडीवर होते तशी थोडी घासाघीस झाली आणि तीनवर सौदा पटला. आईने जाता जाता बजावलं, "निळं दिसलं पाहिजे हं. मी पहिल्या रांगेत बसून शूट करणार आहे."

"दिसेल," मी म्हणाले.

संमेलनाच्या दिवशी दुपारी मी सभागृहाच्या मागच्या खोलीत गाठोडी सोडून बसले होते. सहा भगवी फुलपाखरं तयार. पक्ष्याला मी गिधाडाची पुठ्ठ्याची चोच दिली होती. पक्षी झालेली मुलगी वर्गातली सगळ्यात उत्साही, आणि तिला ओकायचं काम मिळाल्यामुळे तिचा उत्साह आणखी वाढलेला. हिरव्या कागदाच्या पट्ट्या खिशात भरून ती सकाळपासून भिंतीकडे तोंड करून सराव करत होती.

पानाचे पंख मात्र आले नव्हते. भाईंना शेवटची शिवण पसंत पडली नव्हती, म्हणून ते स्वतः रिक्षाने घेऊन येणार होते. नाटकाला वीस मिनिटं उरली तेव्हा ते आले, अंगावर इस्त्रीचा सदरा, हातात चादरीत बांधलेले पंख. त्यांनी चादर सोडली. खोलीतल्या मुली भोवती जमल्या.

बाहेरून निळे. त्या ट्यूबलाइटच्या उजेडातही ते पाण्यासारखे हलत होते. नारिंगी पट्टा एका रेषेत, कडेला बारीक गोट, तारेचं टोक कुठे दिसेल तर शपथ. मी आत पाहिलं. आत मातकट.

मी पंख मुलीच्या हातांत चढवले. तिने नीट, शिकवल्याप्रमाणे, छातीवर मिटले. समोर निळ्या झगमगाटाचं एक गाठोडं उभं राहिलं. मग तिने उघडले. मातकट.

"भाई, उलटं झालं," मी म्हणाले.

"उलटं कसं? बरोबर आहे."

"मिटलं की मातकट दिसायला हवं."

"ताई, ते अस्तर आहे. अस्तर आत असतं." ते हे शांतपणे बोलले, कारण त्यांना वाटलं मी दमले आहे. "कोटाला आत. रजईला आत. माझ्या सासऱ्यांच्या शेरवानीला आत होतं. अस्तर बाहेर कोण घालतं?"

"फुलपाखरू घालतं."

"फुलपाखराला शिंपी नसतो म्हणून."

तीन पिढ्यांत त्या घरातून चांगली बाजू आत असलेली एकही वस्तू बाहेर पडली नसणार. मी दोन कापडं दिली होती, त्यांनी चांगलं वर आणि मळखाऊ खाली लावलं. त्यांच्या जागी मी असते तर तेच केलं असतं. फक्त निसर्ग तसं करत नाही. तो जरीचा पदर आत घेतो आणि मांजरपाट बाहेर मिरवतो.

एवढ्यात मुलीची आई आत आली. "अय्या," ती म्हणाली. "किती सुंदर. सगळीकडून निळं. हे तर मी मागितलं त्याहून चांगलं झालं." तिने दोन फोटो काढले. "आता कुणी हात लावू नका याला."

मी मुलीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली, खांद्यावरचा इलॅस्टिकचा पट्टा तोंडात धरला आणि चावायला सुरुवात केली.

तिथे माझा निर्णय झाला. पट्टा नवा होता.

"तुम्ही अजून इथेच?" मी आईला म्हणाले. "पहिल्या रांगेत रुमाल टाकायला सुरुवात झाली आहे. आत्ताच एक आजोबा तीन रुमाल घेऊन गेले."

हे खोटं नव्हतं. पुण्यात खुर्चीवर रुमाल पडला की तो सातबारा उताराच. आई पर्समधला स्कार्फ काढत धावली. दारातून ओरडली, "निळं दिसलं पाहिजे हं."

"दिसेल," मी पुन्हा म्हणाले. ते मी कधी नाकारलं नव्हतं.

मी ब्लेड काढलं. भाईंनी माझा हात धरला.

"थांबा. उलटं करायचंच असेल तर मी करतो. दुसऱ्याने बिघडवलेलं माझ्या नावावर नको." त्यांनी खिशातून पक्कड काढली. इस्त्रीच्या सदऱ्यात पक्कड घेऊन येणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्यांनी मातकट बाजूचे पट्टे उसवले, पंख उलटे केले, निळ्या बाजूला पट्टे लावले. सुई-दोऱ्याला वेळ नव्हता, म्हणून मी सेफ्टी पिना पुरवत गेले. प्रत्येक पिनेला ते दात आवळत होते. शेवटी त्यांनी दूर होऊन पाहिलं.

"कुणी विचारलं तर सांगू नका मी केलंय."

मुलीने पंख घातले आणि मिटले. भिंतीला सतरंज्यांची वळकटी लावून ठेवली होती, तिच्याशेजारी ती बसली. भाई तिला शोधू लागले.

"कुठे गेली?"

"तुमच्या पायाशी आहे," मी म्हणाले. भाई दोन पावलं मागे सरले. मग वाकून शिवण पाहिली आणि म्हणाले, "गोट मात्र दिसतोय थोडा." नंतर पुढे जाऊन प्रेक्षकांत बसले.

पडदा उघडला. स्टेजवर पुठ्ठ्याचं एक झाड, बुंध्याशी मुलांनी पोत्याने गोळा केलेला खरा पाचोळा. त्या पाचोळ्यात ती बसलेली. मी बाजूच्या विंगेत उभी होते, मला माहीत होतं ती कुठे आहे, तरी मला दोनदा चष्मा पुसावा लागला.

कडू फुलपाखरं नाचत आली. पक्ष्याने पहिलीला पकडलं, पंखाला खरोखरीचा चावा घेतला आणि मग ओकायला सुरुवात केली. ते ओकणं असं काही उतरलं की पहिल्या रांगेतल्या लोकांनी पाय वर घेतले. हिरव्या पट्ट्या संपल्या तरी ओकणं थांबेना. बाई विंगेतून "पुरे, पुरे" म्हणत होती. मग सोंग घेतलेली तीन आली. पक्षी म्हणाला, "नको बाई, ही पण कडू." त्यांतली एक प्रामाणिक होती. तिला राहवलं नाही.

"मी नाहीये कडू," ती म्हणाली.

"सांगायचं नसतं ते," विंगेतून बाई म्हणाली. लोक एवढे हसले की पुढचं वाक्य ऐकूच आलं नाही.

उरलं होतं पान. पक्ष्याने झाडाभोवती दोन फेऱ्या मारायच्या आणि न सापडल्याचं नाटक करायचं, असं ठरलं होतं. तिने दोन मारल्या, चार मारल्या, पाचोळा पायाने उडवला, झाडामागे डोकावली आणि मग नाटक सोडून विंगेकडे वळून म्हणाली, "बाई, ती आलीच नाहीये आज."

बाईने घंटी वाजवली. पाचोळा हलला नाही. बाईने पुन्हा वाजवली, या वेळी जोरात. काही नाही. बाईचा चेहरा पाहवत नव्हता. बारा मिनिटं संपली होती, आणि मुख्याध्यापिका पहिल्या रांगेत घड्याळ पाहत होत्या. पडदा पडला. निवेदकाने लगेच कोळीनृत्याची घोषणा केली. दोन माणसांनी झाड उचलून नेलं. पाचोळा झाडायला वेळ नव्हता. दुसऱ्या बाजूने बारा कोळी आणि बारा कोळिणी वल्ही घेऊन आत आल्या आणि पडदा परत उघडला.

"ती तिथेच आहे," बाई माझा दंड धरून म्हणाली.

"दिसतंय. म्हणजे दिसत नाहीये. म्हणजे तिथेच आहे."

तेवढ्यात मागून मुलीची आई आली. खुर्ची सोडून आली म्हणजे प्रकरण गंभीर होतं. "माझी मुलगी कुठे आहे? मी बारा मिनिटं शूट केलं, त्यात ती एकदाही नाही. निळं दाखवणार होतात ना तुम्ही? मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं..."

स्टेजवर नाच रंगात आला होता. पुढच्या कोळ्याच्या हातात खरं जाळं होतं. कुणाच्या तरी ओळखीने मागवलेलं. ठेक्यावर त्याने ते फेकलं. ते पाचोळ्यावर पडलं. बाराही कोळी "हैय्या" करत ओढू लागले, जाळं सरकत सरकत पानापाशी आलं आणि पानाला अडकलं.

पान उघडलं.

त्या पिवळ्या दिव्यांत तो निळा एकदम असा फुटला की पुढचा कोळी जाळ्यासकट मागे पडला, त्याच्या मागचे तीन त्याच्यावर, आणि कोळिणी वल्ही टाकून विंगेत आल्या. सभागृहात टाळ्या. मुलगी मधोमध उभी होती, हात पसरलेले, डोक्यावर जाळं. तिचे ओठ हलताना मला दिसले. एक. दोन. तीन. मग तिने पंख मिटले आणि होती तिथेच खाली बसली. कोळी उठले आणि उरलेला नाच तिच्यापासून हातभर अंतर ठेवून पार पडला.

आई अर्ध्या वाक्यात थांबली होती. मोबाइल हातात, हात खाली.

"निळं आहे," ती म्हणाली.

"सांगितलं होतं."

"मी शूट नाही केलं."

"नाही."

नाच संपल्यावर मुलगी विंगेत आली. केसांत पाचोळा, खांद्यावर जाळ्याचा तुकडा. आई गुडघ्यावर बसली. "अगं, घंटी वाजली तेव्हा का नाही उघडलंस? दोनदा वाजली."

"तेव्हा पक्षी जवळ नव्हता," मुलगी म्हणाली. "जवळ आल्यावर उघडायचं असतं. मग जाळं आलं."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी बाईकडे पाहिलं. बाई रुमाल शोधत होती. मी तिला एक सेफ्टी पिन दिली, हाताशी तेवढंच होतं.

मुख्याध्यापिकांनी बाईला नंतर बोलावून सांगितलं की यंदाच्या कोळीनृत्यातली समुद्राची कल्पना फार सुंदर होती, आणि पुढल्या वर्षी विज्ञानाने याच्याजवळपासच राहावं. बाईला पुन्हा बारा मिनिटं मिळाली. भाई आता पंख शिवायला घेण्याआधी मला फोन करून विचारतात, "ताई, अस्तर आत की बाहेर?" आणि उत्तर ऐकून दर वेळी एक सुस्कारा टाकतात.

संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी पंख धुऊन, घडी करून आईनेच आणून दिले. "कुणाकडे व्हिडिओ असला तर सांगा," एवढंच म्हणाली. मी पावती फाडण्याआधी माल तपासते, हा माझा नियम. पिना चौदा दिल्या होत्या, चौदा आल्या. तारेचं टोक कुठे नाही. गोट जागेवर. मग मी खिडकीपाशी नेऊन पट्टे पाहिले. डाव्या पट्ट्यावर दाताची एक खूण होती, ती सभागृहामागच्या खोलीतली, नाटकाआधीची. त्यानंतरची एकही नव्हती.

मी पावतीवर "माल ठीक" असं लिहिलं.